आजोबांचे एस्क्वायर आणि कचेरीतला दलायत

वाचकांचे प्रश्न

स. न. वि. वि. आमचे मूळ घर खानापूर तालुक्यात आहे. आजोबा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली करीत. यंदा घराची दुरुस्ती काढली तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत १९३४ सालचे दोन लिफाफे सापडले. एक लंडनहून, कायद्याची पुस्तके विकणाऱ्या दुकानाकडून आलेला असून त्यावर आजोबांच्या नावानंतर ‘एस्क्वायर’ या शब्दाचे इंग्रजी संक्षिप्त रूप लिहिले आहे. दुसरा इथल्याच एका सरकारी कचेरीचा असून त्यावर नावाआधी नुसते ‘मिस्टर’ आहे. थोरल्या काकांचे म्हणणे असे की एस्क्वायर ही इंग्रज सरकारने दिलेली पदवी होती आणि आजोबांनी विनयाने ती कधी मिरवली नाही. वडील म्हणतात की त्याचा अर्थ नुसता ‘श्रीयुत’ असा आहे. अमेरिकेत वकिली करणारी माझी भाची सांगते की एस्क्वायर म्हणजे वकील, आणि ती स्वतः आपल्या नावानंतर तो शब्द लावते. दारावर बसवायची संगमरवरी पाटी या वादापायी कारागिराकडे अडून राहिली आहे. कोणाचे खरे मानायचे? लिफाफ्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, खानापूर

माझा धाकटा भाऊ कर्नाटक सरकारच्या एका खात्यात ‘दलायत’ या पदावर लागला आहे. काम शिपायाचे आहे. मित्र त्याला ‘दलाल’ म्हणून चिडवतात, हा शब्द दलालावरूनच आला असे सांगतात, आणि त्याला ते लागते. शब्द कन्नड आहे का? त्याचा मूळ अर्थ काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर

ही दोन पत्रे एकाच आठवड्यात हाती आली. एकात लंडनच्या पुस्तकविक्रेत्याचा लिफाफा आहे आणि दुसऱ्यात कन्नडमधले नेमणूकपत्र आहे, त्यामुळे त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. तरीही दोन्हींचे उत्तर एकत्र देत आहे, त्याचे कारण पुढे येईल.

आधी खानापूरच्या लिफाफ्याकडे पाहू. निळसर शाईचे, उजवीकडे झुकलेले वळणदार अक्षर आहे. आजोबांच्या नावाची आद्याक्षरे, मग आडनाव, मग स्वल्पविराम, मग एस्क्वायरचे तीन अक्षरी संक्षिप्त रूप, पुन्हा स्वल्पविराम, आणि त्यानंतर ‘बी. ए., एल्एल. बी.’ असा क्रम आहे. नावाआधी ‘मिस्टर’ नाही. लिहिणारा कारकून शिष्टाचारात पक्का होता हे एवढ्यावरून कळते, कारण इंग्रजी रीतीप्रमाणे ‘मिस्टर’ आणि ‘एस्क्वायर’ ही दोन्ही एकाच नावाला कधी लावत नाहीत, आणि विद्यापीठाच्या पदव्या लिहायच्या असतील तर त्या एस्क्वायरच्या नंतर येतात. आपल्याकडे ‘श्री. अमुक राव’ यांना पुन्हा ‘साहेब’ जोडून तिहेरी मान देण्याची सवय असल्यामुळे हा नियम चमत्कारिक वाटेल, पण तो तसा होता.

आता शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘स्कूटम’ म्हणजे ढाल, आणि त्यावरून ‘स्कुटारियस’ म्हणजे ढाल वाहणारा. हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला तेव्हा त्याच्या आरंभी एक ‘ए’ चिकटला, कारण आरंभीचा ‘स्क’ हा जोड उच्चारण्याआधी जिभेला टेकू लागतो. आपल्या एसटी स्टँडवर ‘स्टेशन’ला ‘इस्टेशन’ आणि ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारा माणूस नेमके हेच करीत असतो. फ्रेंचांकडून इंग्रजांनी तो शब्द दोन रूपांत घेतला. एकात तो ‘ए’ राहिला, ते ‘एस्क्वायर’. दुसऱ्यात गळाला, ते ‘स्क्वायर’. दोन्ही एकच आहेत. (चौकाच्या ‘स्क्वेअर’शी यांचा काही संबंध नाही, तो शब्द चारच्या घरातला आहे.)

हा ढाल वाहणारा कोण, तर नाइटच्या, म्हणजे चिलखत घालून घोड्यावर लढणाऱ्या सरदाराच्या हाताखालचा उमेदवार. तो सहसा चांगल्या घरचा मुलगा असे. धन्याची ढाल व भाला वागवणे, घोड्यावर खोगीर चढवणे, चिलखताचे पट्टे आवळून देणे, त्याची कड्याकड्यांतली गंज घासून काढणे आणि जेवणाच्या वेळी पंक्तीला उभे राहणे ही त्याची कामे असत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने अशा एका स्क्वायरचे चित्र रेखाटले आहे. तो नाइटचाच मुलगा आहे, वय वर्षे वीस, पोशाखाचा शौकीन, गाण्याबजावण्यात रमणारा. आणि तरीही वडिलांच्या पानावरचे मांस कापून देण्याचे काम तोच करतो. म्हणजे त्या काळी हा शब्द एकाच वेळी चाकरीचा आणि कुलीनतेचा होता. काही वर्षे ही उमेदवारी करावी आणि मग स्वतः नाइट व्हावे, अशी अपेक्षा असे.

पुढे ही अपेक्षा मोडली, आणि त्यामागे पैशाचे कारण होते. नाइट होणे महाग पडे. घोडे, चिलखत, समारंभ, शिवाय त्या पदाबरोबर येणाऱ्या राजाच्या चाकऱ्या आणि पंचायती अंगावर येत. तेराव्या शतकापासून इंग्लंडच्या राजांनी ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या जमीनदारांना ‘नाइट व्हा, नाही तर दंड भरा’ असा तगादा लावला होता, आणि बरेच जण मुकाट्याने दंड भरून मोकळे होत. ही सक्ती १६४१ साली कायद्याने बंद झाली. पदरी जमीन, वाडा, नोकरचाकर सारे आहे, पण नाइट व्हायचे नाही, अशा माणसाला म्हणायचे काय? तो आयुष्यभर एस्क्वायरच राहिला. अशा रीतीने शिकाऊ उमेदवाराचे नाव एका कायमच्या थराचे नाव झाले. नाइटच्या खाली आणि ‘जंटलमन’च्या वर अशी त्याची जागा ठरली. त्या काळच्या लॅटिन कागदपत्रांत त्याला ‘आर्मिगर’ म्हणत, म्हणजे शस्त्र धारण करणारा. आपला ‘शिलेदार’ हा शब्दही फारसी ‘सिलाहदार’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ अक्षरशः तोच आहे. स्वतःचा घोडा व हत्यारे बाळगणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपल्या लोकांना सांगायला नको.

थराचे नाव कागदावर चढले ते १४१३ सालच्या एका कायद्यामुळे. त्या वर्षी पाचव्या हेन्रीच्या राज्यात असे ठरले की दाव्याच्या कागदात प्रतिवादीच्या नावाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदा आणि त्याचे राहण्याचे ठिकाण लिहिलेच पाहिजे, म्हणजे एका नावाच्या दोन माणसांत घोटाळा होणार नाही. खानापूरच्या वाचकांनी आजोबांच्या जुन्या दाव्यांतले कागद काढून पाहावेत, ‘उ. व. ४५, धंदा शेती, रा. नंदगड’ अशी ओळ त्यांत हमखास सापडेल. कल्पना तीच आहे. फरक एवढाच की आपल्या कागदावर धंदा लिहीत, आणि इंग्लंडात शेतकरी, योमन (म्हणजे स्वतःच्या जमिनीचा खातापिता शेतकरी), जंटलमन, एस्क्वायर, नाइट अशी पायरी लिहीत. पायरी चुकली तर विरुद्ध बाजूचा वकील तेवढ्यावरून कागद फेटाळायला लावू शके, म्हणून कोण कोणत्या पायरीवर आहे याला न्यायालयात अतोनात महत्त्व आले.

आणि महत्त्व येताच घुसखोरी सुरू झाली. १५८३ साली छापल्या गेलेल्या आपल्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात सर थॉमस स्मिथ यांनी वैतागून लिहिले आहे की इंग्लंडमध्ये जंटलमन स्वस्तात तयार होतात. ज्याने कायदा शिकला, विद्यापीठात काही शिकला, आणि जो हाताने काम न करता बसून खाऊ शकतो व तसा थाट राखू शकतो, त्याला लोक तसे म्हणू लागतात. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने एस्क्वायरांचे प्रकार पुन्हा एकदा नोंदवले : नाइटांचे थोरले मुलगे व त्यांचे थोरले मुलगे, उमरावांच्या धाकट्या मुलांचे थोरले मुलगे, राजाने सनदेने केलेले, आणि जस्टिस ऑफ द पीससारख्या, म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्यासारख्या, राजाच्या विश्वासाच्या हुद्द्यावर बसलेले. त्याबरोबर त्याने बजावले की जमीन कितीही मोठी असली तरी केवळ जमिनीमुळे कोणी एस्क्वायर होत नाही. असे बजावावे लागले याचाच अर्थ लोक जमिनीच्या जोरावर सर्रास तसे म्हणवून घेत होते. बॅरिस्टर हे एस्क्वायर आणि सॉलिसिटर हे नुसते जंटलमन, असाही एक भेद इंग्लंडच्या वकिली धंद्यात बराच काळ पाळला गेला, आणि तो पुढे भाचीच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

या टप्प्यावर दोन जुळ्या रूपांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘एस्क्वायर’ लिफाफ्यावर राहिला आणि ‘स्क्वायर’ गावात गेला. गावातला सर्वांत मोठा जमीनदार, ज्याच्या शेतावर अर्धे गाव राबते, जो बारीकसारीक तंटे आपल्या दिवाणखान्यात बसून तोडतो आणि ज्याच्यासमोर लोक टोपी काढतात, तो ‘द स्क्वायर’. या अर्थासाठी आपल्या भागात एक इतका चपखल शब्द आहे की तो मराठी मुलखाच्या आतल्या वाचकांना समजावून सांगावा लागेल. गोकाक, हुक्केरी, सौंदत्तीकडे मोठ्या असामीला लोक आदराने ‘सावकार’ म्हणून हाक मारतात. कन्नड बोलणारे ‘साहुकार’ म्हणतात. त्याने कोणाला कर्ज दिले असलेच पाहिजे असे नाही. पुण्याच्या वाचकाला ‘सावकार’ म्हटले की खतावणी, चक्रवाढ व्याज आणि जप्ती डोळ्यांसमोर येते. बेळगावच्या बाजारात मात्र दुकानदार गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठीही ‘बसा सावकार’ म्हणतो. लंडनच्या भाजीबाजारातला विक्रेताही अनोळखी गिऱ्हाइकाला ‘काय देऊ, स्क्वायर?’ असे अगदी असेच म्हणत आला आहे. ढाल वाहणाऱ्याचा प्रवास तिथे कांद्याच्या तराजूपर्यंत झाला.

लिफाफ्यावरच्या एस्क्वायरचेही तेच झाले, पण अधिक सभ्यपणे. एकोणिसाव्या शतकात हक्क असो वा नसो, ज्याला दुखवायचे नाही त्याच्या नावानंतर तो लिहिण्याची रीत पडली. बँक खातेदाराला लिही, शिंपी गिऱ्हाइकाला लिही, विमा कंपनी विमेदाराला लिही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर इंग्लंडमधल्या कोणत्याही बऱ्या परिस्थितीतल्या पुरुषाला पत्र लिहिताना तो वापरत, आणि नंतर संगणकावर छापलेल्या पत्त्यांच्या काळात तो जवळजवळ लोपला. याला मराठीतले समांतर उदाहरण ‘राजमान्य राजेश्री’चे आहे. पेशवाईतल्या पत्रांत मायना ही तोलूनमापून देण्याची गोष्ट होती. कोणाला ‘श्रीमंत’, कोणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, कोणाला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजेश्री’ लिहायचे याचे नियम होते आणि मायना कमी पडला तर रुसवे होत. राजमान्य म्हणजे राजाने मानलेला. पुढे त्याचे ‘रा. रा.’ झाले, आणि राजाने पाहिलेसुद्धा नाही अशा प्रत्येक गृहस्थाच्या नावाआधी ते लग्नपत्रिकेत बसले. आज बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या जुन्या वळणाच्या पत्रिकेवर ते दिसले, तर वराच्या आजोबांना कोणत्या दरबारी मान होता असे कोणी विचारत नाही.

तेव्हा वडिलांचे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळचे आहे. लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने गिऱ्हाइकाला लावलेला तो मायना होता. काकांचे म्हणणे मात्र टिकत नाही. इंग्रज सरकारने हिंदी लोकांना दिलेल्या पदव्या वेगळ्या होत्या : रावसाहेब, रावबहादूर, खानसाहेब, खानबहादूर, दिवाणबहादूर वगैरे. त्या सरकारी राजपत्रात जाहीर होत, त्यांच्याबरोबर सनद आणि बिल्ला मिळे, आणि त्या नावाच्या आधी लागत. ट्रंकेत सनद नाही, म्हणून पदवी नाही. ती असती तरी आज पाटीवर कोरणे हा नुसता इतिहास झाला असता, कारण भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळता राज्याने किताब देणे बंद केले आहे.

पण वडिलांच्या उत्तरातही एक गाळलेली जागा आहे, आणि ती दुसऱ्या लिफाफ्याने भरून निघते. ‘नुसता श्रीयुत’ असता तर इथल्या कचेरीनेही तोच शब्द लिहिला असता. हिंदुस्थानातल्या इंग्रजी दप्तरात एस्क्वायर आणि मिस्टर यांच्यामध्ये एक अदृश्य रेघ होती. एकोणिसाव्या शतकातल्या छापील सरकारी याद्या चाळल्या तर पुष्कळदा असे दिसते की गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावानंतर ‘एस्क्वायर’ आहे, आणि त्याच पानावर हिंदी गृहस्थाच्या नावाआधी ‘मिस्टर’, ‘राव साहेब’ किंवा नुसतेच नाव आहे. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यापासून १९४७ पर्यंत या गावात लष्करी छावणी होती आणि दक्षिण विभागाच्या कमिशनरचे ठाणेही इथेच होते. त्यामुळे कोणाला कोणता शब्द लावायचा याची पारख इथल्या कारकुनांच्या बोटांत मुरलेली असणार. लंडनच्या दुकानदाराला आजोबांचा रंग दिसत नव्हता, त्याला पुस्तकांची मागणी आणि मनीऑर्डर दिसत होती, म्हणून त्याने आपल्या गावच्या गिऱ्हाइकाला जे लिहिले असते तेच लिहिले. कचेरीतल्या माणसाला आजोबा रोज दिसत होते. दोन्ही लिफाफे एकाच वर्षातले आहेत हे मला त्या शब्दाच्या साऱ्या व्युत्पत्तीपेक्षा मोलाचे वाटते, आणि माझी विनंती आहे की ते वेगवेगळ्या मुलांच्या वाटणीला जाऊ देऊ नयेत.

भाचीचे म्हणणेही खोटे नाही, फक्त ते अमेरिकेपुरते आहे. स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेने सरदारकीच्या पदव्या नाकारल्या, पण एस्क्वायर हा शब्द वकिलांच्या नावामागे राहिला आणि हळूहळू त्यांचीच खूण झाला. इंग्लंडमध्ये तो केवळ पुरुषांना लागतो. अमेरिकेत वकील स्त्रियाही तो लावतात. नाइटची ढाल वाहणाऱ्या पोराचे नाव आज खानापूरच्या एका मुलीच्या नावामागे लागले आहे, ही गोष्ट खुद्द चॉसरलाही सुचली नसती. तिच्या पणजोबांना मात्र तो शब्द वकील म्हणून मिळालेला नव्हता. जिल्हा न्यायालयातला वकील इंग्रजी शिष्टाचाराने एस्क्वायर ठरत नसे; तो मान बॅरिस्टरांचा होता.

पाटीपुरते माझे मत विचाराल तर ‘बी. ए., एल्एल. बी., वकील’ एवढेच कोरावे. त्या पदव्या त्यांनी परीक्षा देऊन मिळवल्या होत्या आणि तो धंदा त्यांनी स्वतः केला होता. एस्क्वायर हा दुसऱ्याने लिहिण्याचा शब्द आहे, स्वतः लावून घेण्याचा नाही. इंग्रजी रीतही तेच सांगते, आणि म्हणूनच भेटपत्रिकेवर किंवा स्वतःच्या सहीत तो कोणी लिहीत नसे. कारागिराला तेवढी दोन अक्षरे कमी पडतील आणि पाटीवर मोकळी जागा राहील, ती चांगलीच दिसते.

आता निपाणीचे पत्र. ‘दलायत’चा ‘दलाल’शी कोणताही संबंध नाही. दलाल हा अरबीतून आलेला, सौदा जुळवणाऱ्याचा शब्द आहे. दलायत हा मूळचा ‘ढलाइत’ किंवा ‘ढालाईत’, म्हणजे ढाल बाळगणारा. भाला घेतलेला तो भालाईत, तसा ढाल घेतलेला तो ढालाईत. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलण्यातले शब्द गोळा करणाऱ्या हॉब्सन-जॉब्सन या १८८६ सालच्या कोशातही तो नोंदलेला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ हत्यारबंद चाकर व निरोप्या असा देऊन तो ‘ढाल’वरून आल्याचे स्पष्ट सांगितले आहे. ‘ढ’चा ‘द’ कसा झाला याचे उत्तर बहुधा दोन ठिकाणी आहे : एक तर कन्नड बोलण्यात महाप्राण सैल होतो, आणि दुसरे म्हणजे मध्ये इंग्रजी दप्तर आले, ज्याच्या एकाच ‘डी’मध्ये आपले ढ, ड आणि द तिन्ही बुडून जातात.

म्हणजे निपाणीचे दलायत आणि लंडनचे एस्क्वायर हे अर्थाने सख्खे भाऊ आहेत. दोघेही ढाल वाहणारे. एक धन्याच्या मागून चालता चालता जमीनदार झाला, मग लिफाफ्यावर चढला. दुसरा धन्याच्या दाराशी उभा राहिला, निरोप पोचवू लागला आणि आज फाइली पोचवतो. याचे कारण शब्दात शोधू नये. इंग्लंडात ढाल वाहणारा नाइटच्या घरातला, त्याच्याच जातकुळीचा मुलगा होता आणि त्याच्या वाट्याला जमीन येत होती. आपल्याकडचा ढालाईत पगारी शिपाई होता, आणि लढाया संपल्यावर त्याच्याकडे ढालीऐवजी टपालाची पिशवी आली. हे त्याच्या एकट्याच्या बाबतीत झाले असेही नाही. ‘शिपाई’ हा सैनिक होता, तो कचेरीच्या स्टुलावर येऊन बसला. ‘जवान’ मराठीत अजून सीमेवर आहे, पण कन्नड कचेरीत ‘जवान’ म्हणजे शिपाईच. शिवकाळात ‘हवालदार’ हा सबंध गडाचा मुख्य असे आणि किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात असत. आज तो पोलिस चौकीत वर्दी लिहून घेतो. इंग्रजांनाही हे चुकलेले नाही. ‘कॉन्स्टेबल’ म्हणजे मुळात राजाच्या तबेल्याचा अधिकारी. इंग्लंडात ‘लॉर्ड हाय कॉन्स्टेबल’ हे राज्यातल्या सर्वोच्च पदांपैकी एक होते आणि आता ते केवळ राज्याभिषेकाच्या दिवसापुरते भरले जाते, पण त्याच नावाचा माणूस बेळगावात बोगारवेसीच्या चौकात उन्हात उभा राहून शिटी वाजवतो.

हुद्दा जाऊन नाव उरण्याचा तिसरा प्रकार तर आपल्या भागात घरोघरी आहे. देसाई म्हणजे परगण्याचा वतनी अधिकारी. कित्तूर, वंटमुरीच्या देसायांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. परगणा वतने आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० सालच्या कायद्याने संपली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. पाटलांची गावकी म्हैसूर राज्याच्या १९६१ सालच्या कायद्याने संपली, कारण तोवर, १ नोव्हेंबर १९५६ पासून, आपण त्या राज्यात गेलो होतो. एकाच गावातल्या कुलकर्ण्याचे आणि पाटलाचे वतन अशा रीतीने दोन वेगळ्या राज्यांच्या विधिमंडळांनी काढून घेतले. आडनावे मात्र राहिली, आणि ती कोणत्याच विधिमंडळाने मागितली नाहीत.

निपाणीच्या वाचकांच्या भावाने मित्रांना काय सांगावे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. मला स्वतःला एका गोष्टीचा शोध आहे. मुंबई राज्यात असताना आपल्या कचेऱ्यांतल्या शिपायाला ‘पट्टेवाला’ म्हणत, कारण त्याच्या खांद्यावरून आडवा रुंद पट्टा असे आणि त्यावर पितळेचा बिल्ला. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, अथणी यांपैकी कोणत्याही जुन्या कचेरीतला १९५६ पूर्वीचा असा बिल्ला कोणाच्या घरी, देवघराच्या खणात किंवा पोरांच्या खेळण्यांत पडून असेल, तर त्यावर मराठी, कन्नड, मोडी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्या लिपीत आणि कोणता शब्द कोरला आहे, एवढे फोटोसह कळवावे. बिल्ला पाठवू नये, टपालात हरवतो.